ज्याला ऐकू येईल त्याने

डोळ्यांत थेंब घालून नर्सने तिला भिंतीलगतच्या बाकावर बसवलं आणि बजावलं, की डोळे मिटून ठेवा, बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो, नाव पुकारलं की आत या. इतकं सोपं काम होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात बसणारे दात हातांनी घडवणाऱ्या बाईला हे जमायला हरकत नव्हती. ती डोळे मिटून बसली. आजूबाजूला चपलांचे आवाज, खोकले, कुणाच्या तरी पिशवीतल्या प्लॅस्टिकची चुरचुर, आणि पापण्यांच्या आत थेंबांची थंडगार झोंबणी. मग आतल्या दाराशी कुणीतरी एक नाव मोठ्याने पुकारलं, आणि ती “ओ” म्हणून उठली, भिंत चाचपत आत गेली आणि तपासणीच्या खुर्चीत हनुवटी टेकवून बसलीसुद्धा. नाव तिचं नव्हतं. तिच्या नावाच्या जवळपासही जाणारं नव्हतं. ऐकण्यात चूक झाली म्हणावं तर तसंही नाही, कारण नाव तिला स्वच्छ ऐकू आलं होतं, आडनावासकट, आणि ते चक्क एका पुरुषाचं होतं. डॉक्टरांनी फायलीत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि गंभीरपणे विचारलं, की यात तर तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक आहात, ते कसं काय? तेवढ्यात दारातून काठीचा टकटक आवाज आला आणि खाकरून एक म्हातारा आवाज म्हणाला, “बाई, तो मी.” नर्स हसली, डॉक्टर हसले, तीही हसली. माफी मागून पुन्हा भिंत चाचपत ती बाकावर येऊन बसली.

चूक झाल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. या वयात माणसं चुकीच्या बसमध्ये चढतात, दुसऱ्याची छत्री घेऊन घरी येतात, तसं हेही. तिला धक्का बसला होता तो त्या “ओ”चा. तो शब्द तिच्या तोंडून कधीपासून आला नव्हता, हे तिला आठवेना. या शहरात हाकेला कुणी ओ देत नाही. बँकेत आकडा पुकारतात, तर माणूस हातातला कागद उंचावतो. दातांच्या लॅबमध्ये कुणी हाक मारली, तर ती “हां, बोला” म्हणते. घरी नवरा “अगं” म्हणतो आणि ती “काय” म्हणते, आणि इतक्या वर्षांच्या संसारात त्या दोन शब्दांवर सगळं निभावलं आहे. मग हा पोटातून आलेला, लांबलचक, आपण आहोत आणि येतो आहोत असं एका दमात सांगणारा “ओ” आज कुठून वर आला? खरं तर तो कुठून आला ते तिला ठाऊक होतं. तो एकाच घरातून येऊ शकत होता, आणि त्या घराचा विचार ती दोन वर्षं टाळत होती. दुखऱ्या दाताने माणूस घास चावायचं टाळतो ना, दुसऱ्या बाजूने चावतो, तसं. डोळे मिटलेले, करायला काही नाही, फाइल डॉक्टरांच्या टेबलावर. आता टाळायला जागाच उरली नव्हती.

थोरली. सगळा गाव तिला थोरलीच म्हणायचा, कारण ती त्या घरात थोरली सून म्हणून आली होती आणि नंतर धाकट्या जावा गेल्या, दीर गेले, नवरा तर ऐन तारुण्यातच गेला, पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. बटणं, दोरे, अस्तरं आणि चेनी विकणारं लहानसं दुकान, मागे राहतं घर, दोहोंच्या मध्ये एक पडदा. नवरा गेल्यावर लोकांनी सुचवलं, की दुकान विका आणि मुलांना घेऊन भावाकडे जा. थोरलीने सगळ्यांचं ऐकून घेतलं, आलेल्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. एवढंच तिचं उत्तर. पुढे कधी कुणी तिच्या धीराचं कौतुक करायला लागलं, तर ती म्हणायची, धीर कसला, दुकानाची किल्ली माझ्याकडे होती म्हणून उघडलं. तिला स्तुती आवडत नसे, पण केसांची स्तुती चालायची. केस तिचे खरोखरच दाट होते आणि म्हातारपणीही ती ते ग्राहकांच्या देखत मोकळे सोडून विंचरायची, मुद्दाम. पत्ते खेळताना ती धडधडीत लबाडी करायची. पकडली गेली, की डाव विस्कटून टाकायची आणि उलट आपल्यालाच म्हणायची, की तुमचं लक्ष कुठे असतं. आठवड्यातून एकदा दुपारी दुकान बंद करून ती एकटीच सिनेमाला जायची, आणि रात्री जेवताना त्याची गोष्ट सांगायची. शेवट तिला पटला नसेल तर तो बदलून सांगायची. तिची एक नात पुढे शहरात तोच सिनेमा पाहून आली आणि हिरो मरतो म्हणून हमसाहमशी रडली, कारण थोरलीच्या घरात तो वर्षानुवर्षं सुखाने नांदत होता.

बाकावर बसलेली ती त्या घरात आली ती सातव्या-आठव्या वर्षी, एका पत्र्याच्या पेटीसकट. आई गेली होती, वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, आणि त्या नव्या आईचं माहेर म्हणजे थोरलीचं घर. नवी आई चांगली होती, फार चांगली, पण वडिलांची बदली झाली, नव्या गावी घर मिळेना, म्हणून पोरीला तात्पुरतं आजोळी ठेवायचं ठरलं. आजोळ कुणाचं, तर नव्या आईच्या मुलांचं, जी अजून जन्मायचीच होती. तिचा त्या घराशी रक्ताचा म्हणावा तर एक थेंब नव्हता. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या वयाची मुलं अशा बाबतीत वकिलाहून हुशार असतात. पेटी तिने पलंगाखाली सारली नाही. दाराजवळ, निघताना पटकन उचलता येईल अशी ठेवली. पुढे ते तात्पुरतं राहणं लांबत गेलं आणि शाळा संपेपर्यंत ती तिथेच राहिली, ही गोष्ट निराळी.

त्या घराची एक खोड होती. थोरलीला घरातल्या कुणाचंच नाव पहिल्या फटक्यात यायचं नाही. धाकट्या मामाला बोलवायचं असलं, की ती आधी मोठ्या मामाचं नाव घ्यायची, मग मामीचं, मग नातवंडांपैकी नाक्याचं, ज्याचं नाक घरात त्याच्या आधी शिरायचं, मग चिमीचं, मग शेळपट नावाच्या कुत्र्याचं, कधीकधी कैलासवासी नवऱ्याचंसुद्धा, आणि या सगळ्या माळेतून वाट काढत शेवटी ज्याला बोलवायचं त्याच्यापर्यंत पोचायची. तोवर काम तिचं तीच विसरलेली असायची. यावर घराने वर्षानुवर्षांपूर्वीच तोडगा काढला होता. नावाची वाट पाहायचीच नाही. थोरलीचा आवाज आला की ज्याला ऐकू येईल त्याने ओ द्यायची आणि जायचं. मग कधी एक जण जायचा, कधी चौघं एकदम पडद्याशी आदळायचे, पाठोपाठ शेळपट. थोरली जमलेल्या फौजेकडे बघायची, एकाला काम सांगायची, आणि आलाच आहात तर म्हणून बाकीच्यांनाही कामाला जुंपायची. एकदा तर दुकानात लेस घ्यायला आलेली एक बाई ओ देऊन थेट माजघरात आली. थोरलीने तिच्याकडून लसूण सोलून घेतला. या घरची माणसं मोठी झाली, बाहेर गेली, आणि ही सवय सोबत घेऊन गेली. मोठा मामा एकदा कोर्टात दुसऱ्याच आरोपीच्या नावाला ओ देऊन उभा राहिला होता आणि वकिलाने त्याला कोट ओढून खाली बसवलं, असं चिमी सांगायची. नाक्याने हजेरीत दुसऱ्याच्या नावाला उत्तर दिलं म्हणून शाळेत मार खाल्ला. घरी येऊन त्याने तक्रार केली, तेव्हा थोरली म्हणाली, मग काय झालं, त्या पोराला ऐकू गेलं नसेल.

आणि याच थोरलीला गिऱ्हाइकांची नावं मात्र तोंडपाठ. लांबच्या वाडीवरून वर्षातून एकदा येणाऱ्या बाईलाही ती पायरी चढता चढता नावाने हाक मारायची, धाकटीच्या फ्रॉकला मागच्या खेपेला कुठली बटणं नेली ते सांगायची, सासूबाईंचा गुडघा कसा आहे ते विचारायची. नावात चूक नाही, नात्यात चूक नाही. एकदा शिंप्याने तिला विचारलं, की अख्ख्या तालुक्याची नावं लक्षात राहतात आणि पोटच्या पोराचं नाव आठवत नाही, हे कसं? थोरली दोरा तोडत म्हणाली, “परक्याला नावानं बोलवावं लागतं. घरच्याला नुसता आवाज पुरतो.” हे बोलणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ती तेव्हा काउंटरखाली बसून सांडलेली बटणं रंगवार वेचत होती, आणि ते ऐकून तिच्या ओंजळीतली बटणं पुन्हा सांडली होती.

कारण तिला थोरली नावाने बोलवायची. पूर्ण नावाने, नीट, शाळेच्या हजेरीत असतं तसं, पहिल्या फटक्यात आणि एकदाही न चुकता. सुरुवातीला तिला त्याचा अभिमान वाटला होता, की बघा, माझं नाव आजी चुकत नाही. नाक्या आणि चिमीला ती तसं चिडवायचीसुद्धा. त्या दिवसापासून मात्र ते नाव तिला नकोसं झालं. जेवायला ये, असं म्हणताना नाव. वेणी घालते बस, असं म्हणताना नाव. थोरली तिला कधी टाकून बोलली नाही, ताटात डावंउजवं केलं नाही, थंडीत आपली शाल तिच्या अंगावर टाकली. माया होती, पण पत्ता लिहिलेली. इतरांना थोरली ओरडायची, तिला समजावून सांगायची. ती मन लावून चुका करून पाहायची. काळ्या दोऱ्याच्या खणात निळा दोरा ठेवून पाहायची. तरीही थोरली शांतपणे तिचं नाव घेऊन म्हणायची, की हा निळा आहे बरं का बाळा. अशा वेळी तिला वाटायचं, की पेटी दाराजवळ ठेवली ते बरंच केलं.

मग केव्हातरी, परीक्षेचे दिवस होते की सुट्टीचे कोण जाणे, भर दुपारी दुकानात गर्दी उसळली होती आणि ती मागच्या खोलीत पोटावर पडून काहीतरी वाचत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. पडद्यापलीकडून थोरलीचा आवाज आला. “अरे नाक्या, चिमे, ए शेळपट, कुठे मेलात सगळे, अगं ती पांढऱ्या रिळांची पेटी आण लवकर.” तिने मागे वळून पाहिलं. खोलीत नाक्या नव्हता, चिमी नव्हती, शेळपटसुद्धा बाहेर रस्त्यावर झोपला होता. आवाज तिच्यासाठी होता. “ओ,” ती म्हणाली, आणि तो ओ इतका मोठा निघाला की शिंपी दचकला. पेटी घेऊन ती धावली, तेव्हा थोरलीने तिच्याकडे धड पाहिलंही नाही. पेटी हिसकावली, गोगलगाय आहेस नुसती असं म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली. कुत्र्याच्या नावाने हाक मारली म्हणून एखादी मुलगी सुखाने रडल्याचं जगात दुसरं उदाहरण नसेल. त्या संध्याकाळी तिने आपली पत्र्याची पेटी पलंगाखाली सारली, पार भिंतीला टेकेपर्यंत. नंतर ती माळेत कायमची ओवली गेली. सगळ्यात शेवटी आलेली म्हणून सगळ्यात शेवटी. मोठा मामा, धाकटा मामा, मामी, नाक्या, चिमी, शेळपट, आणि मग ती. स्वतःच्या नावापर्यंत हाक पोचायच्या आत ती थोरलीसमोर उभी असायची, म्हणून पुढे कित्येक वर्षं तिने थोरलीच्या तोंडून आपलं नाव असं ऐकलंच नाही.

बाकावर शेजारी कुणीतरी टेकलं. काठी भिंतीला उभी राहिल्याचा आवाज झाला. मुख्याध्यापक होते. तुमच्यामुळे माझा डोळ्यांचा दाब आधी तपासायचा राहिला, आता पुन्हा थांबायला सांगितलंय, असं ते कुरकुरले, पण आवाजात राग नव्हता. वर म्हणाले, की ओ मात्र झकास दिलीत, माझ्या वर्गात अशी एकाने कधी दिली नाही. तिने पुन्हा माफी मागितली आणि एक डोळा किलकिला करून पाहिलं. ते पांढरट धूसर ठिपक्यासारखे दिसत होते, कडा विरघळलेल्या. हे असं दिसणं तिला ओळखीचं होतं. थोरलीला शेवटी शेवटी सगळं असंच दिसत असणार.

रंग हा थोरलीचा प्राण. दोऱ्याचा रंग ती दुकानात कधीच ठरवायची नाही. कापडाचा तुकडा आणि रिळं घेऊन उंबऱ्यावर यायची, आभाळाखाली धरायची, मान तिरकी करायची आणि मग सांगायची. दिव्याचा रंग लबाड असतो, दिवस कुणाची भीड धरत नाही, असं तिचं म्हणणं. आज ती स्वतः लॅबमध्ये दाताची छटा जुळवताना दिवा घालवून खिडकीशी जाते, मान तशीच तिरकी करते, आणि हाताखालच्या मुली एकमेकींना कोपराने ढोसतात हेही तिला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात एका डॉक्टरांनी तिने केलेला दात परत पाठवला, शेजारच्या दातांपेक्षा पिवळट आहे म्हणून. तिने खिडकीशी धरून पाहिला तर तिला तो अगदी चोख दिसत होता. तिथे ती समजून चुकली, की दोष डोळ्यांत आहे, बहुधा मोतीबिंदू, आणि म्हणूनच आज इथे आली होती. थोरलीचंही असंच झालं होतं. कॉलेजच्या सुट्टीत ती घरी आलेली असताना थोरलीने एका बाईला मोरपंखी कापडावर करडा दोरा काढून दिला, उंबऱ्यावर, भर उन्हात. तिने काही न बोलता बाई वळायच्या आत रीळ बदललं. थोरलीने ते पाहिलं. बाई गेल्यावर तिने करडं रीळ खणात परत ठेवलं. मग थोरली इतकंच म्हणाली, की उन्हात आता फार वेळ उभं राहवत नाही, उंबऱ्यावर तू जात जा. त्या सुट्टीत आणि पुढच्या प्रत्येक सुट्टीत तीच उंबऱ्यावर गेली. थोरली आतून मोठ्या रुबाबात विचारायची, काय गं, जुळतोय का, आणि ती सांगायची, की तुम्ही काढलात तोच जुळतोय. घरात दुसऱ्या कुणाला हे कळलं नाही. पोटच्या मुलांनाही नाही. आपण या घरच्या आहोत की नाही, हा प्रश्न तिने त्यानंतर मनातूनच काढून टाकला होता.

म्हणूनच त्या शेवटच्या भेटीचा घाव इतका खोल बसला. दोन वर्षांपूर्वी मामीने कळवलं, की थोरलीचं आता खरं नाही, भेटून जा. नव्वदी कधीच ओलांडलेली, खाट पुढच्या खिडकीशी आणलेली, केस अजूनही दाट पण कापसासारखे. खोलीत बरेच जण होते. मोठा मामा, मामी, नोकरीतून निवृत्त झालेला, टक्कल पडलेला नाक्या, लांबून आलेली चिमी. ती दारातून आत आली, थोरलीने मान वळवली, आणि तिचं नाव घेतलं. पूर्ण. नीट. पहिल्या फटक्यात. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा तर हसत सुटला, नाक्याने तिच्या पाठीवर थाप मारली. ती हसली, खाटेशी बसली, तो सुरकुतलेला हात हातात घेतला, पण आत सगळं थंड पडत गेलं होतं. वाटलं, मधली सगळी वर्षं थोरलीच्या डोक्यातून पुसली गेली आणि खाली उरली ती पेटी घेऊन दारात उभी असलेली दुसऱ्याची पोर, जिला नावाने बोलवायला हवं. थोरली मग नुसती तिच्याकडे बघत राहिली, तिच्या पदराचा काठ बोटांनी चाचपत राहिली. ती संध्याकाळच्या गाडीने निघाली, लॅबमध्ये कामं पडली आहेत असं सांगून. कामं पडली नव्हती. काही दिवसांनी थोरली गेली, तेव्हाही ती सगळ्यांबरोबर बसली, उठली, जेवली, आणि परत आली. कुणाला विचारणार, आणि काय? की बाबांनो, मरताना तिने मला घरचं मानलं होतं की पाहुणं? पन्नाशी उलटलेल्या बाईने असलं विचारलं तर लोक हसतील. म्हणून दोन वर्षं तिने तो मनातला दुखरा दात जपला, आणि घरी फोन केला तो खुशालीपुरताच.

पण मग हा ओ? जी पाहुणी असते तिच्या पोटात असा ओ कसा राहील, इतकी वर्षं, न बोलावता? तिने पर्समधून फोन काढला. पडद्यावर नुसता उजेड दिसत होता, अक्षरं वितळून गेलेली. मुख्याध्यापकांना विचारण्यात अर्थ नव्हता, त्यांच्याही डोळ्यांत थेंब होते. नर्सला हाक मारून तिने सांगितलं, की यात मामी असं लिहिलेलं असेल, तेवढं लावून दे. मामीने फोन उचलला तो दुकानातूनच. मागे कुणीतरी अस्तराचा भाव विचारत होतं. तिने आधी डोळ्यांचं सांगितलं, मग घडला प्रकार सांगितला, आणि मामी इतकी हसली की मुख्याध्यापकांनाही ऐकू गेलं. आमच्या घरचं पाणी, दुसरं काय, असं मामी म्हणाली. त्या हसण्याचा आधार घेऊन, ते संपायच्या आत, तिने विचारून टाकलं. “मामी, मी शेवटची आले तेव्हा आजीनं माझं नाव बरोबर घेतलं. एकदम पहिल्या फटक्यात. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तिनं मला ओळखलं होतं का हो?”

मामीने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाली, “अगं, म्हणजे तुला कुणी सांगितलंच नाही? ती सगळ्यांनाच तुझ्या नावानं हाक मारत होती. तू यायच्या आधी दोन-तीन महिने तेच चाललं होतं. माळेतलं एकेक नाव गळत गेलं. आधी मोठ्यांची गेली, मग मुलांची, शेळपटसुद्धा गेला. शेवटाला आलेली तू, शेवटाला तूच उरलीस. मामांना तुझं नाव, मला तुझं नाव, नाक्याला तुझं नाव. डॉक्टर यायचे तर त्यांनाही. ते बिचारे पहिल्यांदा गोंधळले, मग ओ द्यायला शिकले. तू आलीस आणि तिनं ते नाव घेतलं, तर आम्ही म्हटलं, चला, एकदाचं नाव जागेवर पडलं. म्हणून टाळ्या.”

मामी तिकडे बोलतच होती. ओळखलं की नाही ते देवाला ठाऊक, पण तू गेल्यावरही तेच चालू राहिलं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. सकाळी खाटेवरून हाक यायची ती तुझ्या नावाची, आणि घरात जो कुणी असेल तो पळायचा. एकदा तर चौघं एकदम पोचलो, सगळे साठीच्या पलीकडचे, आणि ती आमच्याकडे बघून म्हणाली, आलाच आहात तर खिडक्या पुसा. शेवटचं पाणी मागितलं तेही तुझं नाव घेऊन. “मागितलं तुझ्याकडे,” मामी म्हणाली, “आणि ओ दिली मी.” मग मागून गिऱ्हाइकाने पुन्हा काही विचारलं. तो निळा नाही, उजेडात धरून बघा, असं कुणाला तरी सांगून मामी डोळ्यांचं काय ते रात्री कळव म्हणाली आणि फोन ठेवला.

ती फोन मांडीवर ठेवून बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण इथे त्याची कुणाला नवलाई नव्हती, बाकावरच्या सगळ्यांच्याच डोळ्यांतून येत होतं. तिला दिसत होतं, की सकाळची वेळ आहे, खिडकीशी खाट आहे, खाटेवरून तिचं नाव येतं, आणि मोठा मामा अर्धवट दाढीचा फेस तोंडाला लावून उठतो, नाक्या गुडघा धरून उठतो, मामी हात पुसत उठते, दारात डॉक्टर बॅग खाली ठेवतात. सगळे म्हणतात, ओ. तिच्या नावाला. आणि ती त्या वेळी इथे, या शहरात, खिडकीशी मान तिरकी करून कुणाचा तरी दात उजेडात धरून उभी आहे, आणि तिला काही माहीत नाही. त्या अज्ञानाचं तिला वाईट वाटायला हवं होतं, आणि किंचित वाटलंही. पण त्याहून जास्त तिला बरं वाटत होतं. अंग हलकं झालं होतं, भूक लागली होती. मुख्याध्यापकांनी हळूच विचारलं, की सगळं ठीक ना, वाईट बातमी तर नाही? नाही, ती म्हणाली, घरची होती.

आतलं दार उघडलं. मोतीबिंदूचं कळायला आता फार वेळ नव्हता, आणि निघाला तर निघाला, काढता येतो. नर्सने फाइल पाहिली आणि या वेळी तिचंच नाव पुकारलं, आडनावासकट, स्पष्ट, पहिल्या फटक्यात. ती लगेच उठली नाही. ते नाव तिने पुरतं ऐकून घेतलं. कितीतरी जण त्या नावाला एकदम उठत होते. त्यांना पुढे जाऊ द्यावं असं तिला वाटलं.

“या खेपेला तुमचंच आहे ना?” मुख्याध्यापकांनी काठी आवरत विचारलं. “का मी जाऊ?”

“आमच्या घरात ते सगळ्यांचंच असतं,” ती म्हणाली, आणि मोठ्याने ओ देऊन भिंतीच्या आधाराने आत गेली.